पुणेकराला स्की शिकवताना

"पुन्हा," मॅरियन म्हणाली.

बाकीचे सगळे उतरून खाली घोळका करून उभे होते आणि 'पुन्हा' हा शब्द माझ्या एकटीच्याच वाट्याला आला होता. मी लिफ्टच्या खुर्चीत बसून परत वर गेले आणि खाली आले. वेगात आले, झोकात आले, बर्फाचा फवारा उडवत तिच्या पुढ्यात थांबले. कराडात अशी थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या.

"पाय छान चालतात तुझे," ती म्हणाली. "पण दर वळणाला खांदे पायांच्या आधी निघून जातात. छाती उताराकडे राहायला हवी, वळायचं ते कमरेखाली. तू अख्खीच फिरतेस, दार फिरावं तशी."

"पण मी पडत नाही."

"तू नाही पडत. तुझं बघून शिकणारा पडेल."

मॅरियनने पन्नाशी ओलांडली होती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरल्या त्या डोंगरात तिने उभं आयुष्य स्की शिकवण्यात आणि स्की शिकवणारे तयार करण्यात घालवलं होतं. आवाज कधी चढवायची नाही. रागावली तर निदान भांडता तरी येतं, पण तिने तशी सोयच ठेवली नव्हती.

प्रशिक्षकांच्या कोर्सचा तो पहिला आठवडा होता. कोणाला कोर्समध्ये ठेवायचं आणि कोणाला हौशी लोकांच्या गटात पाठवायचं, हे मॅरियन शनिवारी ठरवणार होती. हौशी गटात बर्फावर मनसोक्त हिंडायला मिळायचं, पण प्रशिक्षकाचा दाखला मिळायचा नाही. मला तो दाखला हवाच होता. उत्तराखंडातल्या ज्या शाळेत मी दोन हिवाळे स्की शिकले, तिथल्या रावतसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "बाहेरचा दाखला घेऊन ये, दुसऱ्या दिवसापासून तू आमची." दाखला नाही तर बर्फ नाही. मग मी कराडला परत जाणार आणि चुलत्यांच्या खतांच्या दुकानात बसणार, हे घरात जवळपास ठरलेलंच होतं.

खरं सांगायचं तर शिकवण्याची मला काही आवड नव्हती. मी खेळाडू. खो-खोत राज्याच्या संघातून खेळलेली, आणि शिकवणं हे खेळून संपलेल्यांचं काम असं मानणारी. खो-खोतून वयाने बाहेर पडायची वेळ आली, तेव्हा मला बर्फ सापडला. बर्फावर राहायला मिळणार असेल तर चार जणांना शिकवूनही टाकू, इतका साधा माझा विचार होता. खांदे तेवढे ऐकत नव्हते.

कोर्समधले बहुतेक जण चालायला शिकल्या शिकल्या स्कीवर चढलेले. त्यात ह्यू नावाचा एक इंग्रज मुलगा होता. तो उतरायला लागला की आपण श्वास घ्यायचा विसरावं असा. मला त्याचा हेवा वाटला नाही असं म्हणणार नाही. चांगला भरपूर वाटला.

त्या संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या स्वयंपाकघरात आल्हाद पोहे भिजवत होता. आल्हाद लिमये, पुण्यातल्या एरंडवण्याचा, संगणकाची नोकरी सोडून स्नोबोर्डचा प्रशिक्षक व्हायला आलेला. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून, अंग आडवं ठेवून घसरायचं. त्यांचा गट वेगळा, त्यांचा शिक्षकही वेगळा. सगळ्या डोंगरावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो, त्यामुळे दोस्ती होण्यावाचून इलाज नव्हता.

"कांदा बारीक चीर की जरा," मी म्हणाले. "हे काय, लाकडं फोडायलास?"

"आमच्याकडे कांदा दिसावा लागतो. पोहे कोणाचे आहेत?"

"आणि शेंगदाणे?"

"कांदेपोह्यात शेंगदाणे ही तुमची सातारी फॅशन. उद्या तू बर्फावर रस्सा ओतशील." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? आज खांद्यांवरून किती वेळा?"

"मोजलं न्हाई."

"पण तू अशी सगळीच्या सगळी का फिरतेस? एकदा उभी राहून दाखव बरं."

मी शेगडीपाशी उभी राहिले आणि वळण घेऊन दाखवलं. तो हसायला लागला.

"अगं, ही तर खो-खोतली सुरुवात. खो मिळाल्यावर उठतात ना, तशी."

माझा हात तसाच हवेत राहिला. आठवडाभर मला जे कळलं नव्हतं ते या पोहेवाल्याने एका नजरेत ओळखलं होतं.

खो-खो न खेळलेल्यांसाठी सांगते. पाठलाग करणारा गडी उठला आणि त्याचा खांदा एका बाजूला वळला की त्याची दिशा ठरली. मग त्याने त्याच बाजूच्या खांबापर्यंत जायचं. मधेच मागे फिरला की फाऊल. शिवायचा गडी हाताच्या अंतरावर मागे उभा राहून वाकुल्या दाखवत असला तरी मागे फिरायचं नाही. आमचे कुंभार सर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "पोरी, खांदा फिरला की दिशा ठरली. मग पुढं वाघ असू दे न्हाईतर विहीर." चौथीपासून मी ते ऐकत आले होते. खांदा आधी, पाय मागून. माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं, की सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तशी गत झाली होती.

"तू खेळलायस खो-खो?" मी विचारलं.

"शाळेत. कायम पहिला बाद."

"ते दिसतंयच."

"पण एक सांगतो. खांबावर मी बराच वेळ टिकायचो. खांबाला धरून उभं राहायचं, पाठलाग करणाऱ्याकडे बघत राहायचं आणि तो इकडे आला की तिकडे. पळायचा कंटाळा होता ना, म्हणून ते जमवलं होतं."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. पळणाऱ्यांबद्दल मला कधीच आदर नव्हता. आमची सगळी मिजास पाठलागाची.

पोहे मात्र चांगले झाले होते. शेंगदाण्यांशिवायसुद्धा.

शुक्रवारी संध्याकाळी मॅरियनने दोन्ही गटांना एकत्र बसवून शनिवारी काय होणार ते सांगितलं. स्कीवाल्यांनी स्नोबोर्डवाल्यांना स्की शिकवायची. त्यांच्यातल्या ज्यांनी आयुष्यात कधी स्की पायात घातली नव्हती, ते आमचे विद्यार्थी. सोप्या उताराच्या वरच्या टोकाला सुरुवात करायची आणि जेवणाच्या वेळेपर्यंत विद्यार्थ्याला घेऊन खालच्या कॅफेपाशी यायचं. चिठ्ठ्या टाकल्या. ह्यूच्या वाट्याला कियारा नावाची स्नोबोर्डवाली मुलगी आली. माझ्या वाट्याला आल्हाद.

"मराठीत बोलायला परवानगी आहे?" मी मॅरियनला विचारलं.

"त्याला समजेल अशा कुठल्याही भाषेत बोल," ती म्हणाली.

"हिचं मला कराडीत समजत नाही," आल्हाद म्हणाला. मॅरियनला त्यातलं काही कळलं नाही, पण मी त्याच्या पायावर पाय दिला तेव्हा ती हसली.

शनिवारी आकाश निरभ्र होतं आणि बर्फ रात्रीतून कडक झाला होता. आपल्याकडे आषाढ चालू असताना तिथे ऐन हिवाळा. उताराचा वरचा भाग लांबरुंद आणि जवळपास सपाट, त्याच्या शेवटी एक उंचवटा आणि उंचवट्यापलीकडे उतार एकदम खाली घसरायचा. स्की येणाऱ्याला तो काहीच नव्हता. नवख्याला वरून खाली बघताना गच्चीच्या कडेला उभं असल्यासारखं वाटलं असतं.

माझी सुरुवात कुंभार सरांच्या पद्धतीची झाली. म्हणजे आरडाओरडा.

"गुडघे वाकव. टोकं जुळव. पिझ्झाच्या तुकड्यासारखी, पुढं निमुळती. आरं टाचा बाहेर ढकल की. पुढं बघ, पायाकडं बघू नको."

"एका वेळी एक सांगशील का? मी माणूस आहे."

"एकच सांगायलेय. सगळं एकदम कर."

तो आडवा झाला आणि पडला. उठला आणि पुन्हा पडला. फळीवर आडवं उभं राहायची सवय, त्यामुळे स्कीवरही तो एक खांदा पुढे काढून, मागच्या पायावर रेलून उभा राहायचा. स्की सरळ चालायच्या आणि हा त्यांच्यावर बाजूला तोंड करून, बसथांब्यावर उभा असल्यासारखा. मग स्की निघून जायच्या आणि हा बसायचा.

बाजूला ह्यू कियाराला वळणं करून दाखवत होता. सुंदर दाखवत होता. ती बिचारी त्याच्या मागून जमेल तशी घसरत होती, आणि तो पुढे जाऊन पुन्हा एकदा सुंदर दाखवत होता. ती दोघं उंचवट्यापाशी पोचलीसुद्धा. मॅरियन काठ्यांवर रेलून मधल्या जागी उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

"छाती खाली ठेव, उताराकडं," मी पाचव्यांदा का सहाव्यांदा म्हणाले. "कमरेखाली वळ."

"तुला जमतं का ते?" आल्हादने बर्फात बसूनच विचारलं.

त्याने ते चिडून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला जमत नव्हतं, आणि जे आपल्याला जमत नाही ते ओरडून दुसऱ्याला जमवता येत नाही. तो तसाच बसला होता, मिशीवर बर्फ, आणि माझ्याच हातात सगळं असल्यासारखा माझ्याकडे बघत होता. माझी वर्षं मैदानात गेली, पण इतक्या विश्वासाने माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

"काढ स्की," मी म्हणाले.

"म्हणजे संपलं?"

"काढ म्हणते ना."

मी चारही काठ्या एकत्र करून बर्फात रोवल्या. "हा खांब. तू खांबावर. मी पाठलाग करणार."

"बूट बघितलेस का आपले?"

"म्हणून तर. पळता येणार न्हाई, तुझ्या सोयीचंच आहे."

स्कीचे बूट घालून खो-खो खेळणं म्हणजे पाय दोन बादल्यांत घालून नाचणं. पण खेळलो. मी डावीकडून झेपावले, तो उजवीकडे सरकला. मी हूल दिली, तो फसला नाही. त्याने खोटं सांगितलं नव्हतं, खांबावर तो खरंच चिवट होता. मी दमून कमरेवर हात ठेवले तेव्हा तो दात काढून हसत होता.

"थांब, हलू नको," मी म्हणाले. "छाती कुठं आहे तुझी?"

त्याने खाली पाहिलं. "तुझ्याकडे."

"मी डावीकडं गेले तेव्हा?"

"तेव्हाही तुझ्याकडेच. नजर हटली की शिवलं ना."

"आणि पाय?"

"पाय पळत होते. दुसरीकडे." तो बोलता बोलता थांबला. "अच्छा. असं होय."

असंच होतं ते. त्याला सांगताना मलाही पहिल्यांदा ते नीट दिसलं. मी सगळं आयुष्य पाठलाग करणाऱ्याच्या अंगाने जगले होते, खांदा टाकायचा आणि जायचं. उतारावर मात्र पळणाऱ्याचं अंग लागतं. आणि पळणाऱ्यांना मी कधी माणसांत मोजलं नव्हतं.

स्की पुन्हा चढवल्या. मी त्याच्या खालच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि टाचा जुळवून उलटी, मागे मागे घसरायला लागले.

"मी पाठलाग करतेय. माझ्यावरची छाती हटली की बाद. पाय कुठं न्यायचे तिकडं ने."

तो निघाला. पहिलं वळण डगमगत झालं, दुसरं त्याहून बरं. तिसऱ्याला त्याच्या स्की सावकाश, नीट वळल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला हसू आवरेना. स्वतःच्या पदकाच्या वेळीही मला इतका आनंद झाला नव्हता. हे अगदी खरं आहे, मी नंतर पडताळून पाहिलंय.

अशीच वळणं घेत आम्ही उंचवट्यावर आलो. खाली कॅफे दिसत होता. बाहेरच्या बाकांवर बाकीच्या जोड्या जाऊन बसल्या होत्या. ह्यू आणि कियारासुद्धा. आता फक्त आम्हीच वर होतो. मॅरियनही खाली उतरून सगळ्यांच्या पुढे उभी राहिली होती.

आल्हादने उताराकडे पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "जाऊ."

"येईल तुला?"

"न यायला काय झालं? तुझा शनिवार आहे. चल."

तो आला असता. मी एक शब्द टाकला असता तर तो आला असता, कसाही, पडत-झडत, आणि मी त्याला बाकांपाशी नेऊन उभा केला असता. दिशा घेतलेली होती, खांब समोर दिसत होता, तिथे कराड विरुद्ध उत्तराखंड असा सगळा फैसला उभा होता. माझ्या अंगातली चौथीपासूनची सवय एकच सांगत होती: चल.

पण मी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं. तोंडाने तो चल म्हणत होता आणि त्याचे खांदे परत डोंगराकडे वळले होते. हातमोज्यातल्या मुठी काठ्यांवर आवळल्या होत्या. वरच्या सपाटीवर त्याने जे मिळवलं होतं ते या कडक उतारावर पहिल्या पडण्यात सांडलं असतं, आणि मग तो पुन्हा स्कीला हात लावायला आला नसता. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की न दिसल्यासारखं करता येईना.

"न्हाई," मी म्हणाले. "काढ स्की. चालत जायचं."

"वेडी आहेस का? सगळे बघतायत."

"बघू देत."

"तेजस्विनी, तुला घरी पाठवतील गं."

"पाठवू देत. तू आज हिथून उतरायचं न्हाईस. तुझी उतरायची वेळ आलेली न्हाई अजून."

त्याने वाकून स्की काढल्या. आम्ही कडेकडेने, टाचा रुतवत, स्की खांद्यावर घेऊन उतरलो. मला रडू येत होतं. दुकानातल्या पोत्यांचा वास आत्ताच नाकात शिरल्यासारखा वाटत होता. तरी पाय मात्र ठाम पडत होते. आपण चुकलो असं मला क्षणभरही वाटलं नाही, फक्त फार महाग पडलं असं वाटलं.

कॅफेपाशी पोचलो तेव्हा सगळे आमच्याकडेच बघत होते. ह्यूने सरकून बाकावर जागा करून दिली. भला मुलगा होता.

"मी त्याला खाली आणलं नाही," मी मॅरियनला म्हणाले. "आणता आलं असतं. आणलं नाही."

"मी पाहिलं," ती म्हणाली.

तेवढं बोलून ती वळली. बाकांच्या एका टोकापासून निघाली आणि एकेका विद्यार्थ्यासमोर थांबून एकच प्रश्न विचारत गेली. आम्हा शिकवणाऱ्यांकडे तिने पाहिलंही नाही.

"उद्या पुन्हा स्की घालशील?"

पहिला म्हणाला, बहुतेक. दुसरा म्हणाला, गुडघा बरा असेल तर. कियाराने केसांतला बर्फ झटकला, ह्यूकडे अवघडून पाहिलं आणि मान हलवली. "माफ करा. तो फारच छान चालवतो. पण मला नाही वाटत मी परत घालेन." ह्यूचा चेहरा उतरला. इतकं सुंदर उतरणाऱ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता आणि मला त्यात मजा वाटली नाही.

मग ती आल्हादपुढे आली.

"उद्या पुन्हा स्की घालशील?"

"उद्या?" आल्हाद म्हणाला. त्याने मान वळवून वरच्या सपाटीकडे पाहिलं. "लिफ्ट चार वाजेपर्यंत चालू असते ना? मी जेवण झाल्यावर लगेच जाणार होतो. हिला वेळ असेल तर."

मॅरियन पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिच्या त्या रापलेल्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळेना.

"मग?" ती म्हणाली. "तुझा विद्यार्थी विचारतोय. वेळ आहे का तुला?"

मी हो म्हणाले. पुन्हा एकदा हो म्हणाले.

"सोमवारी प्रशिक्षकांचा वर्ग नेहमीच्या वेळेला," ती म्हणाली आणि सूप आणायला आत गेली.

आल्हादने माझ्या ताटलीतला अर्धा पाव उचलून तोंडात घातला आणि म्हणाला, "लवकर जेव. बर्फ मऊ व्हायच्या आत जाऊ."